खुंट

बॉस्कोपला जमीन म्हणजे दोन कालव्यांमधली
काळ्या मातीची पट्टी, पाय ठेवला की दबणारी.
मेपलला ओले पाय सोसत नाहीत,
म्हणून माखीलनं आधी उंचवटा रचला:
जाड वाळू, पाइनची साल, कुजलेला पाला,
आणि मग त्यावर हे झाड,
दहा वेळा मागे सरून बघत, तिरपं तर नाही ना.

चाळीस वर्षं तो दुसऱ्यांच्या काचघरात कलमं बांधत होता.
हिवाळ्यात, दिवसाला तीनशे.
घरी मात्र हे एकच.
तांबड्या, कातरलेल्या पानांचं,
माझ्या आईच्या लेसच्या पडद्यासारखं झुकणारं.
फांदीला जस्ताची चकती,
तिच्यावर खिळ्यानं कोरलेलं जपानी नाव,
जे आम्हा दोघांनाही कधी नीट म्हणता आलं नाही.

पाणी संध्याकाळी, मुळाशी, सावकाश.
आच्छादन खोडाला भिडवू नकोस, चार बोटं सोड.
कात्री स्पिरिटनं पूस, आधी आणि नंतरही.
पूर्वेचा वारा सुटला की पानांच्या कडा करपतात,
तिकडे गोणपाट लाव.
आणि मे महिन्यातले हिमसंतांचे दिवस सरेपर्यंत
कुठल्याही निरभ्र रात्रीवर विश्वास ठेवू नकोस.

एवढं सगळं.
शिवाय दर जूनमध्ये, गुडघे टेकून:
“कलमाच्या खालून आलाय बघ, हिल्ले. काढ तो.
रानटी आहे. ठेवलास तर वरच्याचा घास खाईल.”
मी काढायची. अंगठ्यानंच.
कोवळे हिरवे फुटवे, पाच बोटांची साधी पानं.
इतक्या वर्षांत किती मोडले असतील,
कोण मोजतं.

बारा मेच्या रात्री अ‍ॅम्ब्युलन्स आली.
आकाश काचेसारखं होतं, हे मला आठवतं.
चादर कपाटात घडी घातलेली होती, हेही.
इस्पितळाच्या खिडकीतून पहाटे गाड्यांच्या टपांवर
पांढरं दिसलं,
आणि तो झोपेत कण्हत असताना
मी, देव मला क्षमा करो,
झाडाचा विचार केला.

तो गेला ऑगस्टमध्ये.
झाडानं जास्त वेळ घेतला.
कलमाच्या जागी साल उभी चिरली होती,
मग दर वर्षी एक फांदी, टोकाकडून राखाडी.
मी कात्री पुसत राहिले, कापत राहिले
जिवंत लाकडापर्यंत, आणखी खाली, आणखी खाली,
एका मार्चमध्ये कापायला काही उरलंच नाही.

नर्सरीतला बास्तियान येऊन बघून गेला.
“उपटून टाका काकू. मी नवं देतो, अर्ध्या किमतीत.”
फेना फोनवर म्हणाली, बाबांना तेच आवडलं असतं.
असेल.

जूनमध्ये गुडघे टेकले (आता उठायला बादलीचा आधार लागतो)
आणि अंगठा त्या फुटव्यावर ठेवला.
वर घास खायला कुणीच नव्हतं.
आणि ज्याला आम्ही रानटी म्हणत होतो
तोच तर इतकी वर्षं पाणी ओढत होता
त्या नाववाल्यासाठी.
मी अंगठा काढला.

आता ते माझ्या खांद्याला लागतं.
हिरवंच. लेसबिस काही नाही.
बियांपासून उगवलेल्या खुंटांना नाव नसतं,
कुठल्या झाडाची बी, तेही कुणी लिहून ठेवत नाही.
गेल्या ऑक्टोबरमध्ये एका बाजूनं पिवळं झालं,
दुसऱ्या बाजूनं जुन्या कौलासारखं,
मधे काही पानं शेवटपर्यंत हिरवी. हट्टी.
माखीलला रंग आवडला असता का, सांगता येत नाही.
त्याला गोष्टी एकसारख्या लागायच्या.

चकती मीच या नव्या खोडाला बांधली होती,
का, ते विचारू नका.
काल पाहिलं तर तार सालीत रुतत चाललेली.
पक्कड आणली, पीळ उलगडला,
एक वेढा सैल केला.
नाव तसंच आहे, दुसऱ्याचं.
वारा आला की खोडावर टकटक करतं.